चप्पल आमची, नंबर कुणाचा? कारागिरांचे आणि त्यांच्या पोरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चर्मकाराच्या घरातला, आजोबा कातडं कापायची रापी आणि शिवायची आरी घेऊन बसायचे, मी लॅपटॉप घेऊन बसतो. गेली काही वर्षं सुट्टीला गावी आलो की कुणीतरी फोन घेऊन दारात येतंच, "पोरा ह्यातलं मला काय कळत न्हाई, तू बघ जरा." तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदा लिहून काढलं. उदाहरणं बहुतेक कोल्हापुरी चपलेची आहेत कारण मला तीच कळते, पण घोंगडं विणणारे, वारली काढणारे, पैठणीवाले यांचेही प्रश्न मधेमधे आहेत. वाचून झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसाला मोठ्यानं वाचून दाखवा, त्यांच्यासाठीच आहे खरं तर.

ऑनलाइन विकायचं म्हणजे वेबसाइट बनवावी लागते का?

नाही. वेबसाइटवाला कुणी वीस-पंचवीस हजार मागत असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सुरुवातीला एक स्मार्टफोन, एक वेगळं सिम आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढं पुरतं. ते ॲप फुकट आहे, त्यात कॅटलॉग करता येतो, ५०० पर्यंत वस्तू बसतात, म्हणजे तुमच्या आयुष्यभराच्या डिझाइन बसतील. "दुकान बंद आहे, संध्याकाळी उत्तर देतो" असा मेसेज आपोआप जाईल अशी सोय पण आहे, ती लावाच, नाहीतर गिऱ्हाईक रात्री अकराला विचारतं आणि सकाळी सातला रुसतं.

दुसरं, गुगल मॅपवर घराचं किंवा शेडचं नाव टाका. हे लोक विसरतात. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं माणूस चप्पल घेतल्याशिवाय जात नाही, पण ते शहरातल्या चप्पल लाईनमधनं, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या रांगेतनं घेऊन जातं, कारण तुमची वाडी मॅपवर दिसतच नाही. नाव टाकायला पैसे लागत नाहीत, फक्त पडताळणीसाठी बहुतेक वेळा जागेचा व्हिडिओ काढून पाठवावा लागतो.

नंबर कुणाचा द्यायचा? पोरगं पुण्यात आहे, त्याचा देऊ का?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि हाच कुणी नीट विचारत नाही.

नंबर आणि खातं कारागिराच्या नावावर पाहिजे. पोराच्या नको, पुतण्याच्या नको, मदत करायला आलेल्या संस्थेच्या तर अजिबात नको. सिम बापाच्या किंवा आईच्या आधारवर घ्या, बँक खातं त्यांचं, यूपीआय त्यांचं, इन्स्टाग्रामचा ईमेल त्यांच्या नंबरवर काढलेला. मग पुण्यातला पोरगा त्याच्या लॅपटॉपवर तेच व्हॉट्सॲप जोडून घेऊ शकतो, एका नंबरला मूळ फोन सोडून अजून चार डिव्हाइस जोडता येतात, म्हणजे फोन आईच्या टोपलीत आणि उत्तर पोरगा देतोय असं बिनधास्त चालतं.

एवढं का सांगतोय? कारण आमच्याकडं पिढ्यान् पिढ्या हेच झालंय. चप्पल आमच्या घरात व्हायची आणि तळावर शिक्का दुकानदाराचा बसायचा. गिऱ्हाईक वर्षानुवर्षं दुकानाचं नाव सांगत यायचं, करणाऱ्याचं नाव त्याला ठाऊकच नसायचं. आता शिक्क्याच्या जागी पेज आलंय एवढंच. माझ्या डोळ्यासमोर एका घराचं पेज एका हौशी मुलानं चालू केलं, फोटो झकास, फॉलोअर पण जमले, मग त्याला नोकरी लागली, तो गेला आणि पासवर्ड पण गेला. पेज अजून आहे, त्यावर विचारणा पण येत असतील, उत्तर द्यायला कुणी नाही. तो मुलगा वाईट नव्हता हो, त्याला फक्त सुचलं नाही.

अजून एक. ते वेगळं सिम रिचार्ज न करता ठेवू नका. नंबर बंद पडला की काही महिन्यांनी कंपनी तोच नंबर दुसऱ्याला देऊन टाकते, आणि व्हॉट्सॲप १२० दिवस वापरलं नाही तर खातंच उडतं. टू-स्टेप पिन लावा आणि तो पिन घरातल्या वहीत लिहून ठेवा. हो, वहीत. सायबरवाले म्हणतील लिहू नका, पण विसरण्यापेक्षा वही बरी.

मोठ्या शॉपिंग साइटवर माल टाकावा का?

टाकावा, पण आधी वहीत हिशोब मांडून. समजा जोड १२०० ला लावला. कातडं, दोरा, रंग, तेल धरून ५०० गेले. साइटचं कमिशन, पाठवणावळ, अजून काय काय मिळून समजा २५० गेले. उरले ४५०, ती तुमची मजुरी. आता दहातले दोन जोड "साइज बसली नाही" म्हणून परत आले तर त्यांची जाण्यायेण्याची पाठवणावळ कुणाच्या खिशातनं जाणार ते आधी बघा, आणि परत आलेला जोड कुणीतरी घरात घालून फिरवलेला असला तर तो नवा म्हणून विकता येत नाही. आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

ॲमेझॉनचा कारीगर आणि फ्लिपकार्टचा समर्थ असे कारागिरांसाठीचे वेगळे विभाग आहेत, तिथं अटी नेहमीच्या विक्रेत्यापेक्षा थोड्या सोप्या असतात. सरकारचं इंडियाहँडमेड नावाचं पोर्टल आहे, हातमाग आणि हस्तकलेवाल्यांसाठी, तिथं कमिशन घेत नाहीत. पण गिऱ्हाईक जिथं फिरतं तिथं माल दिसला पाहिजे हे पण खरं, नुसतं कमिशन नाही म्हणून विक्री होत नाही.

माझं मत विचाराल तर ओळखीच्या गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर, अनोळख्याला साइटवर, आणि पार्सलमध्ये प्रत्येक वेळी स्वतःच्या नावाची चिठ्ठी. साइटवर गिऱ्हाईक साइटचं असतं, त्याचा नंबर तुम्हाला मिळत नाही. उद्या साइटनं तुमचं दुकान काही कारणानं बंद केलं तर तुमच्याकडं उरतं काय? एक शून्य. म्हणून.

किंमत लिहायची का? सगळे "इनबॉक्समध्ये विचारा" लिहितात.

लिहायची. "इनबॉक्स बघा" वाचून निम्मी माणसं तिथनंच मागं फिरतात. एकच भीती असते, शेजारचा बघून ५० रुपये कमी लावेल. तो तसाही लावणार आहे.

फोटो चांगले येत नाहीत, कॅमेरा घ्यावा लागेल का?

आधी फोनची काच पुसा. खरंच. चर्मकाराच्या, कुंभाराच्या, सुताराच्या फोनच्या लेन्सवर कामाचा हात लागलेला असतो, तेल असतं, धूळ असते, आणि मग लोक म्हणतात फोनच बेकार आहे. सोप्यात किंवा पडवीत सकाळच्या उजेडात, उन्हात नाही सावलीत, फ्लॅश बंद. खाली पांढरं धोतर नाहीतर साधी चटई. वरनं एक, बाजूनं एक, तळाचा एक, वेणीचा अगदी जवळनं एक, आणि एक फोटो पायात घातलेला, हा पाचवा फोटो सगळ्यात जास्त विकतो. रंग खुलवायचे फिल्टर लावू नका, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचा स्वतःचा जो रंग असतो तो फिल्टरमध्ये केशरी दिसतो आणि मग गिऱ्हाईक म्हणतं फसवलं.

व्हिडिओ करायचा असेल तर चेहरा दाखवून बोलायची गरज नाही, हात दाखवा. वेणी घालताना, तळ शिवताना, वादी ओढताना. पाठीमागं हिंदी गाणं लावू नका, आरीचा आवाज राहू द्या, लोक तो ऐकायलाच थांबतात.

साइजचा घोळ कसा मिटवायचा?

कोल्हापुरीत सात नंबर म्हणजे बुटातला सात नंबर असेलच असं नाही, आणि प्रत्येक घराचे साचे थोडे वेगळे, त्यामुळं नुसता नंबर विचारला की परतावा ठरलेला. आमच्याकडं चाललेला उपाय सांगतो, कागदावर पाऊल ठेवायला सांगा, पेन्सिल सरळ उभी धरून कड काढायला सांगा, टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत आणि चवड्याच्या रुंदीला सेंटीमीटरची पट्टी ठेवून वरनं फोटो. दोन्ही पायांचा, कारण दोन पाय सारखे नसतातच. संध्याकाळी घ्यायला सांगा, दिवसभर चालून पाय थोडा फुगलेला असतो. हे माप त्या गिऱ्हाइकाच्या नावानं वहीत डकवून ठेवा, पुढच्या वर्षी तो फक्त "परत तीच पाठवा" म्हणतो. आजोबा गावातल्या माणसाचं पाऊल नजरेनं ओळखायचे, आपण पट्टीनं ओळखतोय.

आणि आधीच लिहून टाका: पहिले काही दिवस चावेल, आतनं तेलाचा हात द्या, हळूहळू पायाचा आकार घेईल, पावसात घालू नका. हेच घोंगड्याचं. घोंगडं टोचतं. दख्खनी मेंढीची लोकर आहे, चिंचोक्याची खळ लावलेली आहे, वास पण येतो सुरुवातीला. शहरातल्या माणसाला मऊ ब्लँकेट वाटलेलं असतं, पार्सल उघडलं की एक स्टार देतो. सणगराच्या, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याच्या घरातला एक जण त्यावर सरळ लिहायला लागला, "हे टोचणारं घोंगडं आहे, मऊ पाहिजे असेल तर घेऊ नका," आणि तक्रारी जवळजवळ थांबल्या, उलट तेच वाचून घेणारे भेटले.

पैसे फोनवर घेताना फसवणूक होते म्हणे?

होते. तीन प्रकार ओळखून ठेवा.

एक, "मी मिलिटरीत आहे, कॅम्पसाठी पन्नास जोड पाहिजेत." ओळखपत्राचा फोटो पाठवतो, बोलणं एकदम साहेबी हिंदीत, भाव करत नाही. इथंच शंका घ्या, कोल्हापुरीला भाव न करणारं गिऱ्हाईक मी अजून बघितलेलं नाही. मग म्हणतो पैसे पाठवायला हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. हे वाक्य भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

दोन, पैसे भरल्याचा खोटा स्क्रीनशॉट. स्क्रीनशॉट बघून माल द्यायचा नाही, बँकेचा मेसेज किंवा ॲपमधली जमा बघायची.

तीन, "तुमची सरकारी योजना मंजूर झाली, फी भरा." फी मागितली की तिथंच ठेवा फोन.

फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिल्या तासाभरात केला तर पैसे अडवले जाण्याची शक्यता असते, दुसऱ्या दिवशी केला तर फार कमी.

यूपीआय घेतलं की टॅक्सवाले येतील का?

ही भीती २०२५ च्या जुलैपासून जास्त वाढली, कर्नाटकात छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरनं जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि आपल्या सीमाभागात ती बातमी वाऱ्यासारखी फिरली. मालाच्या धंद्याला महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. एका घरात चपला करून ४० लाख गाठणारा कारागीर मला भेटला तर मी त्याचा सत्कार करीन. फक्त घरच्या लग्नाचे, उसाच्या बिलाचे, भिशीचे सगळे पैसे त्याच खात्यात फिरवू नका, धंद्याचं खातं वेगळं ठेवा.

शॉपिंग साइटवर विकायला पूर्वी जीएसटी नंबर लागायचाच. १ ऑक्टोबर २०२३ पासून राज्यातल्या राज्यात विकायचं असेल आणि उलाढाल मर्यादेत असेल तर पॅनवरनं नुसता नोंदणी क्रमांक काढून चालतं. पण राज्यातल्या राज्यात. म्हणजे साइटवरनं मुंबईला चालेल आणि शेजारच्या पण कर्नाटकातल्या निपाणीला नाही, आता काय बोलायचं. हस्तकलेच्या काही वस्तूंना परराज्यात विकायला वेगळी सवलत आहे पण ती यादी बघून ठरते, ते मात्र सीएला एकदा २००-५०० रुपये देऊन विचारा, माझ्यावर सोडू नका. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणाच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, नोंदणी असलेल्यांनी बिलात जुना दर छापू नये.

पीएम विश्वकर्मात नाव घालू का? खरंच मिळतं का काही?

घाला. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली योजना आहे, १८ पारंपरिक व्यवसाय त्यात आहेत, चर्मकार आहे, कुंभार, सुतार, लोहार, बुरूडकाम, खेळणी करणारे आहेत. विणकर नाहीत, त्यामुळं पैठणीवाल्यांनी आणि घोंगडीवाल्यांनी हातमागाच्या योजनांकडं जायचं, इथं रांगेत उभं राहून उपयोग नाही. प्रशिक्षणाला दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि कर्ज आधी १ लाख आणि ते फेडलं की पुढं २ लाखांपर्यंत, ५ टक्के व्याजानं. डिजिटल व्यवहाराला एकेक रुपया पण मिळतो, महिन्याला १०० व्यवहारांपर्यंत, त्यानं कुणी श्रीमंत होणार नाही पण सवय लागते.

घरटी एकालाच. नोंदणी सेवा केंद्रात, आधारनं, फुकट. अडचण येते ती ठशांची, आमच्या माणसांची बोटं कातडं घासून घासून गुळगुळीत झालेली, मशीन चार वेळा नाही म्हणतं आणि केंद्रवाला वैतागतो. डोळ्यांच्या स्कॅनची सोय कुठल्या केंद्रात आहे ते आधी फोन करून विचारा, म्हाताऱ्या माणसाला दोन हेलपाटे घालायला लावू नका. फॉर्म आधी ग्रामपंचायतीकडं तपासणीला जातो, तिथं अडकला तर सरपंचाला लॉगिन उघडायला सांगायचं कामपण तुमचंच.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी वेगळी, ती पण फुकट, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या पैसे घेणाऱ्या साइटा भरपूर आहेत.

जीआय टॅग मिळालाय तर मला वेगळं काय करायचंय?

जीआय म्हणजे एखाद्या भागाच्या खास वस्तूचं नाव राखणारी सरकारी नोंदणी, कोल्हापुरी चपलेला तो २०१९ मध्ये मिळाला. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. म्हणजे अथणीची, निपाणीची चप्पल पण कायद्यानं कोल्हापुरीच, यावर कोल्हापुरात चिडणारे आहेत पण त्यांच्याच दुकानात अथणीचा माल असतो, असो.

टॅग महाराष्ट्राच्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या म्हणजे लिडकॉमच्या आणि कर्नाटकच्या तशाच महामंडळाच्या म्हणजे लिडकारच्या नावावर आहे. तुम्ही आठ जिल्ह्यांतले आहात, रीतसर चप्पल करता, तरी तुम्हाला अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचं नाव वेगळं नोंदवावं लागतं. फी पूर्वी ५०० होती, २०२० मध्ये १० रुपये केली. दहा रुपये! तरी नोंदवणारे कमी, कारण फॉर्म इंग्रजीत आणि कुणी सांगत नाही. हे एक काम पोरांनी आईबापासाठी करून टाकावं.

त्या प्राडाच्या भानगडीत आपल्याला काय मिळालं?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या महागड्या फॅशन कंपनीनं अगदी कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि नुसतं चामड्याची सँडल म्हटलं, कोल्हापूरचं नावच नाही. गदारोळ कुठं झाला? फोनवर. लोकांनी फोटो शेजारी-शेजारी लावले, गावातल्या पोरांनी व्हिडिओ केले, आणि काही दिवसांत कंपनीला मान्य करावं लागलं की हे भारतातल्या पारंपरिक चपलेवरनं घेतलंय. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका पण झाली, ती जुलैमध्ये फेटाळली, कारण याचिका करणारे टॅगचे मालक नव्हते. परत तोच प्रश्न बघा, नाव कुणाचं आहे. डिसेंबर २०२५ मध्ये प्राडानं लिडकॉम आणि लिडकारबरोबर करार केला, २,००० जोड इथल्या कारागिरांकडनं करून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो जोडाला. त्या ८०० मधले करणाऱ्याच्या हातात किती पडतात हे विचारायला आपण मोकळे आहोत.

एक लक्षात घ्या, जीआय देशापुरता असतो. इटलीत तो आपोआप चालत नाही, आणि तो नावाचं रक्षण करतो, आकाराचं नाही. कुणी तसाच आकार काढून वेगळं नाव दिलं तर इथला टॅग तिथं फारसा काही करू शकत नाही.

चपलेवरचा क्यूआर कोड म्हणजे काय?

२०२५ मध्ये लिडकॉमनं जीआयवाल्या चपलांना क्यूआर लावायचं काढलं. स्कॅन केला की कुणी केली, कुठल्या गावात, कुठलं कातडं, कशी केली, टॅग कधीपर्यंत चालू आहे असं दिसतं. मला ही कल्पना मनापासून आवडली, कारण शंभर वर्षांत पहिल्यांदा करणाऱ्याचं नाव चपलेबरोबर गिऱ्हाइकाच्या घरी जातंय. आमच्यातली कितीतरी पोरं आडनाव सांगायला लाजतात, धंद्याचं नाव काढलं की विषय बदलतात, कारण शाळेत काय ऐकून घेतलंय ते त्यांनाच माहीत. तिथं एखादा इंजिनिअर स्कॅन करून विचारतो, "काका हे तुम्हीच का?" तर काकांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पण क्यूआर म्हणजे जादू नाही. तो छापील चौकोन आहे, त्याची झेरॉक्स पण स्कॅन होते. एकच कोड शंभर जोडांवर चिकटवला तर कोड खरा आणि चप्पल रेक्झिनची असं होऊ शकतं. म्हणून घेणाऱ्यांनी कोडवर थांबू नये.

मग घेणाऱ्यानं खरी ओळखायची कशी?

उलटी करा. तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवलेले दिसले पाहिजेत, खिळे नकोत. कड निरखून बघा, थर दिसतात, रेक्झिनला आतनं कापड दिसतं. वास घ्या. वजन बघा. दोन्ही पायांच्या वेण्या अगदी मशीनसारख्या एकसारख्या असतील तर उलट संशय घ्या. आणि कारागिराला फोन करा, दोन प्रश्न विचारा, खरा माणूस पंधरा मिनिटं बोलतो, थांबवावं लागतं.

फोटो टाकला की डिझाइन चोरतात. टाकायचंच कशाला?

चोरतात, खरंय. चार दिवसांत रबरी तळाची नक्कल येते. पण फोटो न टाकता पण चोरतच होते, तेव्हा फक्त पहिली कुणी केली हे सिद्ध करता येत नव्हतं. नवीन डिझाइन केलं की आधी स्वतःच्या पेजवर टाका, तारीख राहते. सगळ्या बाजू दाखवा पण साचा, कापणीचे तुकडे हे दाखवू नका.

वारलीवाल्यांचं दुखणं याहून मोठं आहे. वारली चित्रकलेला जीआय आहे, जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, आणि तरी टी-शर्टवर, हॉटेलच्या भिंतीवर, कुर्त्यावर जी वारली दिसते ती बहुतेक वारल्यांनी काढलेलीच नसते. आता तर एआयला सांगितलं की पाच सेकंदात गोल फेर धरलेली माणसं काढून देतो. तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा नाच कुठल्या बाजूला वळतो, लग्नात भिंतीवरचा चौक कोण लिहितं आणि का, यातलं त्याला काही ठाऊक नसतं. त्यावर वारली पोरांनी काढलेला रस्ता मला पटतो, नुसतं चित्र न विकता काढतानाचा व्हिडिओ आणि चित्राची गोष्ट स्वतःच्या आवाजात देतात. नक्कल करणाऱ्याकडं गोष्ट नसते.

वर्णन एआयकडनं लिहून घेतलं तर चालेल का?

इंग्रजी, हिंदी भाषांतराला घ्या, उपयोग होतो. आईला मराठीत बोलायला सांगा, कीबोर्डचा माइक दाबा, तिचं बोलणं आपोआप टाइप होतं, मग ते दुसऱ्या भाषेत करून घ्या. पण त्याला मोकळं सोडलं की तो "शतकानुशतकांचा समृद्ध वारसा" वगैरे लिहितो आणि सोबत काहीतरी खोटंच ठोकून देतो, म्हशीच्या कातड्याला उंटाचं म्हणेल. छापायच्या आधी करणाऱ्याला वाचून दाखवा. आमच्या काकूनं एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं कशाला? लिही की, दोन वर्षं टिकती."

चप्पल दोघं मिळून करतात, नाव एकाचंच का?

मावशींनी विचारलेला प्रश्न आहे हा. तळ कापणं, ठोकणं बहुतेक पुरुष करतात आणि वेण्या, पट्ट्यांचं नाजूक काम, शिलाई बायका करतात, पण विश्वकर्माच्या कार्डावर, क्यूआर कोडवर, पेजवर पुरुषाचंच नाव. कार्ड घरटी एकालाच मिळणार असेल तर कधीतरी ते बाईच्या नावानं काढा. निदान पेजवर दोघांची नावं लिहा, तिथं तर कुणी अडवत नाही.

पावसाळ्यात काय करायचं?

विक्री मंदच असते, तेव्हा फोटो, कॅटलॉग, फॉर्म ही कामं उरका. माल प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून ठेवू नका, बुरशी धरते, कागदात किंवा सुती पिशवीत ठेवा आणि पार्सल करताना तेवढं बाहेरनं प्लास्टिक. खोका लहान घ्या, बरेच कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५,००० नं भागतात आणि जे वजन जास्त येईल त्याचे पैसे लावतात, म्हणजे मोठ्या खोक्यात तुम्ही हवा पाठवताय आणि भाडं भरताय. गावात कुरिअर येत नसेल तर पोस्ट आहेच. परदेशी पाठवायला पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं आहेत, त्याला आयात-निर्यात कोड लागतो, तो ऑनलाइन ५०० रुपयांत निघतो.

आम्ही कॉलेजची मुलं आहोत, एखाद्या गावाला मदत करायची आहे, काय करू?

या. पण "कारागिरांचं सक्षमीकरण" असा बॅनर घेऊन येऊ नका आणि कामाच्या वेळी तीन तास फोटो काढत बसू नका, त्यांची तेवढ्या वेळाची मजुरी बुडते, ती द्या. तुमच्या नावाचं पेज काढू नका. एकच घर धरा. महिनाभर फक्त बघा की दिवसातनं फोन कुणाच्या हातात किती वेळ असतो, कारण माल करणारा माणूस दर दहा मिनिटांनी रापी खाली ठेवून "हाय, प्राइस प्लीज" ला उत्तर देऊ शकत नाही, आणि सगळा धंदा तिथंच अडतो. बहुतेक घरात हे काम सुनेकडं किंवा दहावीतल्या पोरीकडं जातं, तर शिकवायचं तिला. जाताना सगळे पासवर्ड वहीत लिहून, तिच्याकडनं एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करून घ्या, तुमच्या फोनमधनं खातं काढून टाका, आणि मगच एसटी पकडा.

वडील म्हणतात, फोन नको, दुकानदार बरा. काय सांगू?

भांडू नका. दुकानदार आगाऊ पैसे देतो, लग्नाकार्याला उसने देतो, माल एकदम उचलतो, परत पाठवत नाही. फोन यातलं काही करत नाही. दुकानदाराचा माल चालू ठेवा आणि महिन्यातले चार जोड बाजूला काढा, तेवढेच स्वतःच्या नंबरवर विका. पहिली ऑर्डर आली की पैसे जमा झाल्याचा मेसेज वडिलांच्याच फोनवर वाजू दे.